पळअंतर

३ मार्च, सोमवार

बारा वर्षं पुरी झाली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक, याप्रमाणे आज भिंतीवरची एकशे चव्वेचाळिसावी मोजणी झाली आणि सरड्यांनी मला खाली पाहायला लावलं नाही. विभागातल्या एकाही सहकाऱ्याबद्दल असं वाक्य लिहायची वेळ अजून आलेली नाही.

ही वही माझ्या माघारी कुणाच्या हाती लागलीच तर त्या बिचाऱ्याला कळावं म्हणून लिहून ठेवते. बंद पडलेल्या काचकारखान्याची मागची भिंत, एकशे चाळीस मीटर लांब, दगडी, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तापलेली. तिच्यावर सरडे. पाली नव्हेत, सरडे. हा फरक न कळणाऱ्या माणसाशी मी लग्न केलं आहे, त्यामुळे स्पष्ट केलेलं बरं. पद्धत अशी: सरडा दिसला की दहा मीटरवरून त्याच्या रोखाने संथ चालत जायचं. तो पळाला की जागच्या जागी थांबायचं आणि बुटाच्या टोकापासून त्याच्या जागेपर्यंत टेप धरायची. या अंतराला मी पळअंतर म्हणते. पहिल्या वर्षी त्याची सरासरी चार मीटर वीस होती. आज नव्वद सेंटिमीटर. शहराबाहेरच्या ओसाड खाणीत, जिथे मी वर्षातून एकदाच जाते, तिथले सरडे आजही चार मीटरवरून पळतात.

अर्थ स्वच्छ आहे. शहरात माणसांची ये-जा असते. जो सरडा प्रत्येक बुटाला घाबरून फटीत शिरतो तो उपाशी राहतो. जो धीट, तो खातो, आणि त्याचीच पोरं भिंतीवर नांदतात. सरड्याचं आयुष्य तीन-चार वर्षांचं, म्हणजे चार पिढ्यांत भीती मेली. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं म्हणून तिला आपल्या हयातीबाहेर ढकलणारे आणि सुखाने झोपणारे जे लोक आहेत, त्यांच्या उशाशी मी चोवीस तारखेला मोठ्या सभागृहात हा आलेख टांगणार आहे. व्याख्यानाचं नाव: भीती कशी मरते.

आणि एकशे चव्वेचाळीस मोजण्यांत पाऊल एकच, माझं. वेग तोच, खाकी कोट तोच. माणूस बदलला की पाऊल बदलतं आणि पाऊल बदललं की आकडा. एवढी शिस्त लष्करात पाळली असती तर निम्मी युद्धं टळली असती.

मोजणी संपल्यावर रोजच्यासारखी दगडावर बसून भाषणाची तालीम केली. एक आखूड शेपटीचा नर माझ्या बुटापासून वीतभरावर शेवटपर्यंत बसून होता. घरी मी पहिला परिच्छेद सुरू केला की नवरा वाळत घातलेले कपडे काढायला उठतो. जमीन मोजणी खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, तेव्हापासून आमच्या घरचे कपडे फार लवकर वाळतात.

५ मार्च, बुधवार

माझ्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलीला मी टाचणी म्हणते. अंगाने तशी आहे आणि टोचतेही तशीच. दोन वर्षं झाली, भिंतीवरच्या आणि खाणीतल्या सरड्यांच्या शेपटीचे शेंडे नळ्यांत घालून ती धीटपणाचं जनुक शोधते आहे.

"काहीच फरक सापडत नाही, मॅडम. दोन्हीकडचे सरडे सख्खे भाऊ असावेत तसे आहेत."

"फरक भिंतीवर उघडा बसलाय आणि तुला नळीत सापडत नाही?"

"आणि भिंतीवरचे धरायचे तरी कसे? काठीचा फास पुढे करेपर्यंत फटीत गेलेले असतात."

"माझ्या तर बुटावर चढतात."

"तुमच्या, हो," ती म्हणाली.

या पिढीला हात नाहीत, नुसते अंगठे आहेत, असं मी तिला ऐकवलं. वाक्य चांगलं झालं. चोवीस तारखेला वापरता येईल.

विभागप्रमुखाने व्याख्यानाचा फलक करून घेतलाय. तो माझाच जुना विद्यार्थी. तेव्हाही वही सुंदर असायची आणि उत्तरं चुकलेली. फलकावर मी आणि माझ्याहून मोठी एक मगर.

"ही मगर आहे," मी म्हटलं.

"सरडाच आहे, मॅडम. जरा मोठा करून घेतलाय."

८ मार्च, शनिवार

नियतकालिकाकडून माझ्या सरड्यांच्या निबंधावर परीक्षकांची मतं आली. पहिल्याने दीड पान स्तुती केली आहे, म्हणजे त्याने वाचला नसावा. दुसऱ्याने फक्त दोन ओळी लिहिल्या: "बारा वर्षांत निरीक्षक एकदाही बदललेला नाही. सरडे माणसाला भ्यायचे थांबले आहेत, की या एका माणसाला?"

नाव लिहायची पद्धत नाही, पण वास ओळखीचा आहे. बेडूकवाला. एकाच वर्गात शिकलो, एकाच वर्षी नोकरीला लागलो, चोवीस वर्षं रोज चार वाजता एका टेबलावर चहा प्यायलो. सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये त्याने बेडकाची एक नवी जात जाहीर केली, नुसत्या आवाजावरून. तो आवाज वसतिगृहामागच्या पाण्याच्या पंपाचा होता. मी वार्षिक सभेत आधी त्याचा बेडूक ओरडून दाखवला, मग पंप, आणि मग विचारलं की या दोघांतला नर कोणता. सभागृह दहा मिनिटं हसत होतं. माझं आजवरचं सर्वोत्तम भाषण. त्यानंतर तो चार वाजता आपल्या खोलीतच चहा मागवू लागला. माझं काही अडलं नाही. चारची वेळ भिंतीसाठी तशीही उत्तम; ऊन तिरपं असतं.

सहा वर्षं दबा धरून बसला आणि आता दोन ओळींचं शेपूट हलवतोय.

९ मार्च, रविवार

नवऱ्याला परीक्षकाचं पत्र वाचून दाखवलं. त्याने बाजू घ्यावी एवढीच अपेक्षा होती. तो चष्मा पुसत बसला.

"बोला की काहीतरी."

"आमच्याकडे फेरमोजणीला पहिला माणूस पाठवत नसत," तो म्हणाला.

"का? पैसे खातो म्हणून?"

"पैसे खाणारा असला तर सोपं असतं, पकडता येतो. प्रामाणिक असला की तीच चूक पुन्हा तितक्याच प्रामाणिकपणे करून येतो."

"म्हणजे मी चुकले?"

"मी कुठे तसं म्हणालो? मी जमिनीबद्दल बोलतोय." आणि उठला. आज धुणंही नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

परीक्षकाला चार पानी उत्तर लिहिलं. तीन दिवस लागले. त्यात विज्ञानाचा इतिहास आहे, मत्सराचं मानसशास्त्र आहे, आणि शेवटी निरीक्षक स्थिर ठेवणं हे निबंधाचं व्यंग नसून वैभव आहे असं एक वाक्य आहे. टाचणीला वाचायला दिलं.

"मॅडम, छान आहे. पण त्यापेक्षा मी एकदा चालून बघू का? अर्ध्या दिवसाचं काम आहे."

तिच्या तोंडावर हो म्हणून टाकलं. आकडा आला की पाचवं पान होईल.

१४ मार्च, शुक्रवार

टाचणीला माझा वेग शिकवला. दहा मीटरला बारा सेकंद, हात बाजूला, नजर सरड्यावर. पोरगी मन लावून चालली. सव्वीस सरडे.

सरासरी तीन मीटर पंच्याऐंशी.

अर्ध्या तासाने त्याच सव्वीस जागांवर मी चालले. त्र्याण्णव सेंटिमीटर.

ती टेप गुंडाळत राहिली. एकदा गुंडाळून झाली होती तरी.

१५ मार्च, शनिवार

कारणं: टाचणीचे बूट पांढरे आहेत. ती माझ्यापेक्षा उंच आहे. तिच्या कानात लटकणारं काहीतरी चमकतं. काल वारा होता. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला सरडा ओळखत नसेल असं कोण म्हणेल. तिला सरडे आवडत नाहीत.

शेवटचं कारण खोडते. तिला आवडतात.

१६ मार्च, रविवार

नवऱ्याला भिंतीवर नेलं. उंची माझ्याएवढी, वजन माझ्याएवढं, चाळीस वर्षं शेतांतून टेप घेऊन चाललेला, त्यामुळे पाऊल यंत्रासारखं. माझा खाकी कोट घातला, माझी टोपी घातली. कारखान्याच्या पहारेकऱ्याने लांबून मीच समजून त्याला सलाम केला. पहारेकरी फसला.

सरडे फसले नाहीत. तीन मीटर साठ.

"कोट घट्ट होतो मला, म्हणून असेल," तो म्हणाला. हा माणूस माझी बाजू कधी घेईल याची मी तेहतीस वर्षं वाट पाहिली, आणि त्याने आज घेतली.

"तुम्ही नीट चाललात," मी म्हटलं.

"पण बोललो नाही ना वाटेत. तू बोलतेस."

"मोजताना मी बोलत नाही."

"मोजताना नाही. एरवी. पहारेकरी सांगत होता, मॅडम रोज चारला येतात, तासभर भाषण करतात, फार छान बोलतात, त्याला आता अर्धं पाठ आहे." मग म्हणाला, "रोज जातेस? मला वाटायचं, विभागात असतेस."

मी म्हटलं, सरड्यांना सहवासाची सवय राहावी म्हणून जाते. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझ्याच कानांवर आलं.

१८ मार्च, मंगळवार

रजा टाकली. कपाटातून बाराही वर्षांच्या या वह्या काढल्या आणि जमिनीवर मांडून बसले. ज्या ज्या दिवशी "भिंतीवर गेले" असं लिहिलंय त्या प्रत्येक दिवसाला पेन्सिलीने एक रेघ.

पहिली सहा वर्षं: महिन्यातून एकदा, मोजणीपुरतं. मोजायचं आणि विभागात परत जायचं, कारण चारला चहा असे. सातव्या वर्षी जूनपासून: आठवड्यातून एकदा. ऑगस्टपासून दोनदा. मग तीनदा. दोन वर्षांपूर्वी नवरा घरी बसू लागला, त्या महिन्यापासून: रविवार सोडून रोज.

मग आलेख शेजारी ठेवला. पळअंतर पहिली सहा वर्षं चार मीटरच्या आसपास घोटाळतंय. जरा खाली, जरा वर. मी त्याला बारा वर्षांची घसरण म्हणत होते, कारण दोन टोकांना पट्टी लावली की सरळ रेघ येते. आणि सरळ रेघ आली की मला भाषण सुचतं. खरी घसरण सातव्या वर्षी जूनला सुरू होते. दुसरी पायरी दोन वर्षांपूर्वीची.

चार पिढ्यांत काहीही मेलेलं नाही. प्रत्येक सरडा जन्मतो तेव्हा तेवढाच भित्रा असतो. मग त्याच्या समोर रोज एक बाई येऊन बसते, काही करत नाही, नुसती बोलते. महिन्या-दोन महिन्यांत त्याला कळतं की हिच्यापासून धोका नाही. टाचणीला दोन वर्षं जनुक सापडलं नाही कारण ते नव्हतंच, आणि मी तिला अंगठेबहाद्दर म्हटलं. खाणीतले सरडे पळतात कारण खाणीत मी वर्षातून एकदा जाते. शहर नाही, माणूस नाही, निवड नाही. मी.

आता खरं लिहिते, कारण इथे तरी लिहावं. मोजण्या महिन्यातून एकदाच झाल्या आहेत आणि निबंधात तेवढ्याच आहेत. बाकीच्या भेटींची नोंद जगात फक्त या वह्यांत आहे. वह्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. टाचणीच्या आकड्याला पांढरे बूट पुरतील. नवऱ्याचा आकडा विचारायला कुणी येणार नाही. पहारेकऱ्याला कोण विचारतो?

आणि मी गप्प बसले तर आनंद होईल तो नेमका योग्य माणसांना: चांगल्या माणसांना, उत्क्रांती मानणाऱ्यांना. बोलले तर आनंद होणार ती न मानता सुखाने झोपलेल्यांना. तीस वर्षं मी त्यांना व्यासपीठावरून सोलून काढलंय.

दुपारी वह्या परत कपाटात ठेवल्या. संध्याकाळी पुन्हा काढल्या.

१९ मार्च, बुधवार

विभागप्रमुखाला सांगितलं. त्याने आधी दार लावलं.

"मॅडम, हे अजून कुणाला माहीत आहे?"

"मला. आता तुला."

"मग घाई काय आहे? चारशे निमंत्रणं गेलीत. कुलगुरू येतायत, पत्रकार येतायत. चोवीसला बोलून टाका जे ठरलंय ते. नंतर सावकाश एक छोटी टीप टाकू, कुणी वाचत नाही टिपा."

"तू परीक्षेतही कॉपी अशीच करायचास का, सावकाश?"

"मॅडम, मी कधी कॉपी केली नाही."

"खरंय. म्हणून तर उत्तरं चुकायची."

तो हसला नाही. मी निघताना म्हणाला, "माझ्या पहिल्या वर्षाला तुम्ही शिकवायला होतात म्हणून मी या विषयात आलो. त्या सभागृहात तुमचं हसं झालेलं मला बघवणार नाही." हे त्याने इतकं सरळ म्हटलं की मला परत टोमणा सुचला नाही. जिन्यात सुचला, पण मग खाली उतरले.

२० मार्च, गुरुवार

बेडूकवाल्याच्या खोलीत गेले. सहा वर्षांनी. काचेच्या टाक्या वाढल्या आहेत, केस कमी झालेत. दार न वाजवताच शिरले.

"अरे, छापायला दिलेला निबंध मागे कसा घेतात?"

त्याने हातातली किड्यांची डबी बंद केली. "कुणाचा?"

"माझा."

"बस." खुर्चीवरचे कागद उचलले. "तीन ओळी. काय म्हटलं होतं, काय चुकलं, काय मागे घेतो. विशेषण एकही नाही. तुला जड जाईल."

"दुसरा परीक्षक तूच ना?"

"मी असतो तर तुझ्या पहिल्या परिच्छेदालाच थांबलो असतो. विशेषणं." तो टाकीत बघत म्हणाला, "पण प्रश्न चांगला विचारलाय त्याने. मला सुचायला हवा होता. मी रोज चारला खिडकीतून तुला फाटकाबाहेर जाताना बघायचो."

मी विचारलं, त्याने स्वतःचा निबंध किती दिवसांनी मागे घेतला होता.

"मागे घेण्याचं पत्र लिहून तयार होतं. पंपाचं मला आदल्या आठवड्यातच कळलं होतं. सभेत वाचणार होतो. माझा नंबर तुझ्यानंतर होता."

"मग तिथेच उठून सांगायचं ना, गाढवा."

"तू बोलत होतीस," तो म्हणाला.

एक बेडूक काचेला पोट चिकटवून बसला होता. आम्ही दोघांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात एवढा वेळ मी कुणाच्या खोलीत गप्प बसल्याचं आठवत नाही.

२२ मार्च, शनिवार

टाचणीला वह्यांतल्या रेघा दाखवल्या. आलेख दाखवला. ती रडेल असं वाटलं होतं. दोन वर्षं गेली पोरीची. ती आधी तोंडावर हात ठेवून बसली आणि मग खो-खो हसत सुटली.

"मॅडम, मला वाटायचं मी मठ्ठ आहे. मी घरी सांगून ठेवलं होतं, मला हे जमत नाही, सोडते म्हणून."

"मठ्ठ मी होते. तुझं काम बरोबर होतं. फरक नाही हेच उत्तर होतं, आणि ते तू मला दोन वर्षं दर महिन्याला देत होतीस."

"चोवीसला हे सांगणार तुम्ही?"

"सांगू नको?"

ती म्हणाली, "तुम्ही विचारताय का मला? म्हणजे खरंच विचारताय?" मी हो म्हटलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग रेघांचा आलेख मी काढते. तुमचं अक्षर कुणाला लागणार नाही."

२४ मार्च, सोमवार

झालं.

सभागृह भरलेलं. पाठीमागे मगर. विभागप्रमुखाने ओळख करून देताना घसा तीनदा खाकरला. नवरा पाचव्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. बेडूकवाला भिंतीकडेच्या खुर्चीवर.

मी पहिला आलेख दाखवला आणि म्हटलं, ही बारा वर्षं आहेत आणि यावरून मी तुम्हाला सांगणार होते की भीती कशी मरते. मग टाचणीचा आलेख त्याच्याखाली लावला. ही माझी हजेरी आहे, म्हटलं. सरडा मला भिईनासा झाला कारण मी त्याच्या घरी रोज जाऊन बसत होते. त्याच्या पिल्लांना त्यातलं काही मिळालेलं नाही. माझा निबंध मी मागे घेते आहे.

पुढच्या रांगेत कुणीतरी समाधानाने पाय पसरले. त्या पायांकडे बघून मी म्हटलं, "उत्क्रांती खरी आहे. माझा आलेख चुकीचा आहे. या दोन वाक्यांत ज्यांना भांडण दिसतं त्यांनी पुन्हा शाळेत जावं. चूक मला आकाशातून कुणी सांगितली नाही. एका मुलीने टेप धरून सांगितली. तुमच्याकडे अशी टेप असेल तर आणा, मी तुमचंही मोजून देते." टाळ्या पडल्या. सवयीने पडल्या असतील. टाळ्यांबद्दलही आता मला शंका आहे.

मग प्रश्न. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली, कुठल्याशा शाळेतली शिक्षिका. दुसऱ्या आलेखाकडे बोट दाखवून म्हणाली, "या ठिकाणी भेटी एकदम वाढल्या आहेत. सातव्या वर्षी, जूनमध्ये. आणि पुन्हा इथे. याचं काही कारण?"

शास्त्रीय प्रश्न होता. पायरी दिसली की कारण विचारायचं, हे मीच तीस वर्षं शिकवलं. उत्तरं चार सुचली आणि चारही छान होती. पाचव्या रांगेत नवरा हातातला कार्यक्रमाचा कागद घडी करत होता. बेडूकवाला बुटांकडे बघत होता.

"निरीक्षकाला त्या वेळी दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं," मी म्हटलं.

बाईने "धन्यवाद" म्हणून वहीत लिहून घेतलं. कारण म्हणून ते पुरेसं होतं.

२५ मार्च, मंगळवार

नियतकालिकाला तीन ओळी पाठवल्या. चार पानं लिहायला तीन दिवस लागले होते, तीन ओळींना पाच तास. "खेदाने" हा शब्द होता. बेडूकवाल्याने वाचून खोडला.

एका वृत्तपत्राने छापलं: सरड्यांनी केला प्राध्यापिकेचा पराभव. मगरीच्या चित्रासह.

७ एप्रिल, सोमवार

टाचणीने नवा आराखडा टेबलावर ठेवला. आता हा तिचा विषय. शिकण्याने भीती किती जाते आणि सोडून दिलं की किती दिवसांनी परत येते. "बारा वर्षांचा पाया तुम्ही फुकट घालून ठेवलाय, मॅडम, असा कुणाकडे नाही." पोरीला हात आहेत.

दोन माणसं चालणार, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. निरीक्षक दोन ती स्वतः. निरीक्षक एक मी. खाली अटी होत्या आणि त्या तिने वाचून न दाखवता माझ्यापुढे सरकवल्या.

निरीक्षक एकने मोजणीखेरीज भिंतीच्या दोनशे मीटरच्या आत जाऊ नये. मोजणीच्या वेळी व नंतर बोलू नये. बसू नये. मुदत: तीन वर्षं.

"पटतंय ना?" तिने विचारलं.

दुसरा कुठलाही मार्ग नव्हता. त्यांनी मला विसरायला हवं, आणि किती वेगाने विसरतात ते मीच मोजायला हवं. माझ्याशिवाय ते दुसऱ्या कुणाला ओळखतच नाहीत. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही केली.

आज मोजलं. एक मीटर दहा. लगेच परत फिरले. पहारेकऱ्याने विचारलं, आज भाषण नाही? मी मानेनेच नाही म्हटलं. अटीत फाटकाचा उल्लेख नाही, पण उगाच कशाला.

१६ एप्रिल, बुधवार

चार वाजता विभागाच्या चहाच्या खोलीत गेले. बेडूकवाला आला, कप घेऊन समोर बसला आणि तरुण लोकांना पंपाची गोष्ट स्वतःच सांगू लागला. आवाज त्याला जमत नाहीत. मी काढून दाखवले नाहीत. फार जड गेलं.

५ मे, सोमवार

एक मीटर पंचावन्न. टाचणीचे नेहमीप्रमाणे तीन ऐंशी. नवरा नोंदी घ्यायला येतो आता. त्याचं अक्षर चांगलं आहे आणि त्याला कुणी बोलू नका म्हणून सांगावं लागत नाही.

परतताना त्याने विचारलं, घरी तालीम का करत नाहीस हल्ली. मी म्हटलं, भाषणच नाही कुठलं. "असलं तर कर," तो म्हणाला. "मी बसेन." बघू. वेळ मोजून ठेवणार आहे.

७ जुलै, सोमवार

एकवीस सरडे, सरासरी दोन मीटर चाळीस.

यातले आठ या वर्षीची पिल्लं आहेत. ती साडेतीनवरून पळाली. त्यांच्या लेखी मी आणि टाचणी सारख्याच. मोठे अजून क्षणभर थांबतात. मान वाकडी करून बघतात, एक पाय उचलतात, मग जातात. गेल्या महिन्यापेक्षा लवकर जातात.

नवऱ्याने आकडे मांडले, बेरीज केली, पुन्हा तपासली. "दर महिन्याला वाढतंय," तो म्हणाला. "हे चांगलं की वाईट?"

"चांगलं. असंच व्हायला हवं होतं. वर्षअखेरीला चारपर्यंत जाईल."

"आणि मग?"

"मग सिद्ध झालं."

त्याने दोन पॉइंट चाळीस असं लिहून त्याखाली रेघ मारली. टाचणीने आलेखावर टिंब दिलं. आधीच्या तीन टिंबांच्या रांगेत ते बिनचूक बसलं. पट्टी लावायची गरजच पडली नाही. अंदाज माझा होता, आणि या वेळी तो फेरमोजणीलाही उतरला आहे.

प्रयोग अगदी बरोबर चालला आहे.